श्रीपादरावांची दोन फूट रुंद बाग

इरा आणि नील, तुमचे श्रीपादआजोबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना भेटायला इस्पितळात गेले, तेव्हा ते ट्रेवरची जेली चमच्याने दाबून लांबट करत बसले होते. नाकात नळी, आवाज खोल गेलेला, पण मला पाहताच डोळे लकाकले. "ताई, जेली तेवढीच आहे ना? लांब केली म्हणून कमी झाली का?" मी म्हटलं, "जेलीला कुंपण नसतं, श्रीपादराव." ते हसले, खोकले आणि म्हणाले, "मग?" हे "मग?" ते आयुष्यभर म्हणत आले. त्याचा अर्थ एवढाच, की वाद संपला आणि मी जिंकलो. तीच आमची शेवटची भेट...

ते गेल्यावर नलूच्या घरी माणसांची रीघ लागली. नलू माझी धाकटी बहीण, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ॲन आर्बरमधली सगळी ओळखीची मंडळी येऊन गेली आणि प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली, की काकांनी काकूंसाठी जवळजवळ पन्नास फुटांची बाग केली होती. ते ऐकून मी दर वेळी कप आवरायला उठत होते. यातले निम्मे इंजिनिअर. बाग लांबीत मोजणाऱ्या माणसांना इथे पगार मिळतो, आणि चांगला मिळतो. आता इथल्या मराठी मंडळाच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर मलाच लिहायला सांगितलंय. बाकीचे गोड लिहितीलच. मी तुमच्यासाठी खरं लिहिते.

बागेची मूळ गोष्ट अशी. इतकी वर्षं अपार्टमेंटमध्ये काढल्यावर त्यांनी हे घर घेतलं, तेव्हा नलूने एकच मागणं मागितलं. लाल भोपळ्याचा वेल मोकळा पसरेल एवढी जागा. श्रीपादरावांनी दुसऱ्याच दिवशी दुकानातून कमरेइतक्या उंचीच्या जाळीचं शंभर फुटांचं भेंडोळं आणलं, कारण इथली हरणं अंगणात काही ठेवत नाहीत. मी सांगितलं, मागच्या हिरवळीवर चौकोन करा, चारी बाजू पंचवीस. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी शाळेत गणित नव्हे, भरतकाम शिकवलं. "ताई, जाळी शंभर फूटच लागणार ना? मग जागाही तेवढीच. आणि लांब केली की रस्त्यावरून दिसते." आणि ड्राइव्हवेच्या कडेने त्यांनी अठ्ठेचाळीस फूट लांब, दोन फूट रुंद अशी बाग आखली.

वहीत मांडून बघा. जाळी दोन्हीकडे शंभरच. पण चौकोनात सहाशे पंचवीस चौरस फूट माती मिळते, श्रीपादरावांच्या बागेत शहाण्णव. बाकीची त्यांनी कुंपणात घालवली. हे मी त्यांना कागदावर काढून दाखवलं, सुतळीच्या दोन टोकांना गाठ मारून आधी चौकोनी, मग लांबट असं जमिनीवर मांडून दाखवलं. प्रत्येक वेळी "मग?" इरा, तू त्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाहून आली होतीस. तेव्हा आठ वर्षांची होतीस. बाग बघून म्हणालीस, "आजी, धिस इज अ हॉलवे." तुला जे एका नजरेत दिसलं ते पदवीधर माणसाला अखेरपर्यंत दिसलं नाही. उलट ते तुला सांगत राहिले, की इतक्या अरुंद जागेत हरीण उडी मारत नाही. अगदी खरं. हरणाला उडी मारायची गरजच नव्हती. बाहेर उभं राहून मान घातली की सगळी मेथी तोंडाशी. एका बाजूने उरली तर दुसऱ्या बाजूने.

भोपळ्याचा वेल अर्थातच त्या बोळात मावेना. तो जाळीतून बाहेर निघाला, ड्राइव्हवेवर पसरला, आणि एका सकाळी श्रीपादरावांनीच गाडी मागे घेताना त्याच्यावर चाक घातलं. "अहो, भोपळा!" नलू खिडकीतून ओरडली, तोवर झालं होतं. "पुढच्या वर्षी जाळीवर चढवू," ते म्हणाले. दर वर्षी पुढच्या वर्षी. नलू बाजारातून कापलेला भोपळा आणून घारगे करायची आणि ते चवीने खायचे.

रोज सकाळी मात्र पाण्याचा होज घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे. शेवटी पोचले की स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून हाक मारायचे, "नले, आलो गं टोकाला!" जसं काही नर्मदा ओलांडली. नलू हातातलं काम टाकून हात करायची. मी तिला म्हणायचे, "अगं, तो वेडा माणूस दोन फुटांत पाणी घालतोय, तू काय निरोप देतेस?" ती म्हणायची, "ताई, तू चहा घे."

ते गेल्यावर, यंदाच्या मे महिन्यात ती आपण होऊन म्हणाली, "ताई, तुझा तो चौकोन करायचा?" आम्ही दोघींनी खांब उपटले, त्यांनी आवळून बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या एकेक कापल्या आणि तीच जाळी मागच्या हिरवळीवर उभी केली. मी टेप लावून प्रत्येक कोन तपासला. नलू आत जाऊन उभी राहिली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं... "अगं बाई, एवढं होतं यात?" मी म्हटलं, "होतंच. कधीपासून सांगत होते." ती गॅरेजमध्ये गेली आणि श्रीपादरावांची घडीची खुर्ची, ती कप ठेवायला भोक असलेली, घेऊन आली. बरोब्बर मधोमध मांडली.

"नलू, तिथे भोपळा लावायचाय."

"भोपळा जाईल बाजूने."

तेव्हा सहाशे पंचवीसमधून खुर्चीची जागा वजा करा. पालकाची एक ओळ सहज बसली असती. माणूस गेला तरी जागा वाया घालवायचं सोडत नाही.

आता जून संपत आलाय. वेल पसरलाय, फुलं आलीत. काल बघते तर त्याच्या एका तंतूने खुर्चीचा पाय धरलेला. मी तो सोडवून सरळ रांगेत घालायला वाकले, तर नलू स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. तिने हात केला. माझ्याकडे नाही, खुर्चीकडे.

तंतू तसाच ठेवला.