पंगतीचा फोल्डर

सेनगावात माझं फोटोचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत घर. डिजिटल कॅमेरा घेतल्यावर मी एक जुना कॉम्प्युटर घरात पलंगाखाली ठेवला, भिंतीला भोक पाडून वायर दुकानात आणली आणि लग्नांचे सगळे फोटो त्याच्यावर टाकायला लागलो. मी रुबाबात त्याला सर्व्हर म्हणायचो. बायको डबा म्हणायची, आणि तिचंच बरोबर होतं.

त्या डब्याची मला किळस यायची, खोटं कशाला बोलू. गिऱ्हाइकं खिशातून पेनड्राइव्ह काढायची, त्याला तंबाखूचा चुरा चिकटलेला, आणि आत व्हायरस. एकदा लावला की प्रत्येक फोल्डरच्या पोटात त्याच नावाचं पिल्लू तयार. वर माझी स्वतःची घाण वेगळीच. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर दोन', 'नवीन लग्न', 'नवीन लग्न खरं', 'ताईचं लग्न फायनल'. कुणाची ताई, देव जाणे. एकच लग्न तीन जागी आणि तिन्ही जागी अर्धवट. दुसऱ्याची उष्टी ताटं उचलायला बसल्यासारखं व्हायचं मला.

दिवाळीत माझा चुलतभाऊ आला. तो नांदेडला कॉम्प्युटर शिकला होता. त्यानं विंडोजच्या जागी बसवायच्या लिनक्सची सीडी हातात ठेवली.

"फुकट हाय, अन् हे असले व्हायरस त्याला लागत न्हाईत," तो म्हणाला. "पण डिस्क आधी पूर्ण पुसावी लागंल. फोटो सीडीवर काढून घे, मंग परत टाक."

"सगळे?"

"कामाचे तेवढे. कचरा काहून सांभाळून राहिला?"

हे मला फार पटलं. आठ दिवस दुकानाचं शटर अर्धं ओढून मी निवडत बसलो. आधी गाव, मग साल, मग नवरदेवाचं नाव. आत तीन कप्पे: विधी, स्टेज, घरची मंडळी. सीडी लिहिता लिहिता लाइट जायची आणि ती सीडी वाया. रिकाम्या सीड्या संपत आल्या आणि फोटो संपेनात. काय टाकून द्यायचं ते मग आपोआप ठरलं. पंगती.

आमच्याकडं पंगतीचे फोटो काढावेच लागायचे. नवरीचा बाप दंडाला धरून न्यायचा, किती माणूस जेवलं ते दिसलं पाहिजे म्हणायचा. मी दोन रांगांच्या मधून वाकून चालायचो आणि समोर येईल ते टिपायचो. आता स्क्रीनवर ते शेकड्यांनी उघडले: तोंडात घास, मिशीला वरण, पत्रावळीवर माशा, कालवलेला भात, फ्लॅशमध्ये चकाकणारी तेलकट बोटं. अल्बममध्ये ह्यातले दोन-चार लागायचे, बाकीचे कुणी मागत नव्हतं. मला शिसारी आली. मी एकेका लग्नातली पंगत पूर्ण निवडत गेलो आणि कायमची उडवत गेलो. माणसं पाहिलीसुद्धा नाहीत. मला नुसती चावणारी तोंडं दिसत होती.

नवी सिस्टिम बसली. जो फोटो मागाल तो चुटकीसरशी सापडायला लागला. महिनाभर मी स्वतःवर भलताच खूश होतो.

उन्हाळ्यात जवळच्या तांड्यावरून एक मावशी आल्या. नवरा जाऊन आठवडा झाला होता. भिंतीवर लावायला फोटो हवा होता आणि घरात एकही नव्हता. मतदानाच्या कार्डावर होता, पण तो नुसता काळा डाग.

"लेकराचे बाप फोटोला कधी उभेच राहात नसत," त्या म्हणाल्या. "पन पुतनीच्या लग्नात तुमी त्येंचा काढला, भाऊ. मी वाढत होते, मी पाहिलं. जेवायला बसले होते. तुमी समोर वाकले अन् ते हासले. तोंडात बुंदी होती."

पंगती मीच उडवल्या होत्या. तरी मी ते लग्न स्क्रीनवर काढलं. गाव, साल, नवरदेव, तीन कप्पे, सगळं बरोबर. पंगत नाही.

"व्हायरस आला होता, मावशी," मी म्हणालो. "मशीननं खाल्ले ते फोटो."

हे किती सहज तोंडातून निघालं, त्याची मला आजही घाण वाटते.

"मशीनच हाय, तुमी काय करनार," त्या म्हणाल्या. "बाकीचे तर दाखवा."

मी एकेक दाखवत गेलो. दीर, जावा, पुतणी, व्याही, सगळे होते. घरच्या मंडळींच्या एका फोटोवर त्यांनी स्क्रीनच्या काचेला बोट लावलं. स्टेजच्या कडेनं पाण्याची बादली घेऊन एक माणूस निघाला होता. पांढरा पटका, रुंद पाठ.

"ह्येच ते."

"पाठ हाय, मावशी."

"व्हय. पाठ त्येंचीच हाय."

दुकानाच्या भिंतीवर मी नमुने लावले होते. वारलेल्या माणसांना कॉम्प्युटरवर कोट-टाय घातलेला, मागं निळं आभाळ. त्या ते बघत राहिल्या. मग अगदी हळू विचारलं, "ह्यांना कोट तुमीच घातला ना? आभाळबी तुमीच लावलं. मंग ह्येंना जरा इकडं फिरवून देता येत न्हाई का?"

"न्हाई येत."

त्यांनी परत त्या पाठीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मंग हेच मोठं करून द्या."

तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. नाही सांगितलं.

पुढच्या वर्षी त्याच तांड्यावर एका लग्नाच्या शूटिंगला गेलो. मावशींनी चहाला घरात नेलं. भिंतीवर फ्रेममध्ये ती पाठ होती, तिला हार होता, आणि कपाळच नाही म्हणून गंधाचा टिळा पटक्यावर लावलेला होता. घरात आलेली एक पाहुणी त्या फोटोकडं बघत होती. मावशी तिला म्हणाल्या, "ह्या भाऊंनी तोंडाचाबी काढला होता. हासतानाचा. त्येंच्या मशीनला रोग आला, ते तरी काय करतील. लई वाईट वाटलं त्येंला."

मग त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला. मी मान डोलावली आणि चहा प्यालो.