पहिल्या ओळीनंतर

ओटिलिया क्निपेल रविवारी शुभवर्तमान वाचताना पहिल्या ओळीनंतर थांबते आणि दाराकडे बघते, ती रुडॉल्फसाठी, अशी चू नदीच्या खोऱ्यातल्या आमच्या जर्मन वस्तीत कुजबुज होती. रुडॉल्फ म्हणजे कम्बाइनवाला. ऐन कापणीत यंत्राचा सुटा भाग आणायला आल्मा-आता शहरात गेला, तो गेलाच. ओटिलियाची पोरं जर्मनीला गेली, आईला बोलावून थकली, तरी बाई हलेना. "इथे वाचणार कोण?" एवढंच म्हणायची.

लिडिया मावशी केकचा तुकडा चहात बुडवत डोळा मारायची, "वाचणार कोण म्हणे! तो आला तर दार उघडणार कोण, ते विचारा."

ओटिलिया पहिली ओळ वाचायची, बोट आत तसंच ठेवून बायबल मिटायची आणि मान दाराकडे वळवायची. सगळ्यांच्या माना खाली. बाक करकरायचे नाहीत की कुणी खोकायचं नाही. मग पुस्तक उघडून पुढे. पोरांना मोठी माणसं सांगायची, आता देव येऊन बसतोय, जरा सरका. आणि पोरं खरंच सरकायची! आज निम्म्या घरांना कुलपं आहेत, गाणी विसरली, पण ती शांतता अजून कानात आहे.

मग जर्मनीहून नवे पास्टर आले. तरुण, उंच, बुटांना कधी चिखल न लागलेले.

"क्निपेलबाई, उपासनेच्या क्रमात असं थांबणं कुठेच नाही."

"नसेल."

"मग का थांबता?"

"आई थांबायची."

"हे काही कारण झालं? सलग वाचा, नाहीतर वाचन इर्माकडे देतो."

ओटिलियाने घरी चुलीपुढे सलग वाचून पाहिलं. जीभ पहिल्या ओळीनंतर अडायचीच. शेवटी स्वतःच जाऊन बायबल शेजारच्या इर्माच्या हातात ठेवलं. "घे बाई. आधी चष्मा पूस."

त्या रविवारी ती शेवटच्या बाकावर बसली. रिकाम्या हातांचं काय करावं, तेच तिला कळेना.

इर्माने पहिली ओळ वाचली आणि थांबली. माना खाली गेल्या. पोरं सरकली.

पास्टर खाकरले. "इर्मा, पुढे."

इर्मा लालबुंद. "पास्टरसाहेब, थांबा ना, अजून देव बसला नाही!"

लिडिया मावशी फिस्सकन हसली. बाकी कुणी मान वर केली नाही. पास्टरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हळूच त्यांचीही मान खाली गेली.

उपासना संपल्यावर त्यांनी स्वतः बायबल शेवटच्या बाकापर्यंत नेऊन ओटिलियाच्या मांडीवर ठेवलं. "पुढच्या रविवारी तुम्हीच. पण एक सांगा, तुमची आई दाराकडे का बघायची?"

ओटिलियाने सांगितलं. रुडॉल्फचा काही संबंध नव्हता. उपासनेला सरकारची बंदी होती, धाडी पडायच्या, तेव्हा आई घरीच पडदे ओढून वाचायची. पहिली ओळ झाली की दाराकडे बघत थांबायची, अंगणातलं कुत्रं भुंकतंय का ते ऐकायला.