सांतोलवरची खपली

माझे मेहुणे हर्मो, आमच्या बोलीत कुया, म्हणजे दादा, आयुष्यभर दुसऱ्यांची ओझी वाहत आले. बानाहाव डोंगरावर येणाऱ्या विद्यापीठवाल्यांना वाट दाखवायची, त्यांचा भात शिजवायचा, हाच धंदा. बावीस वर्षांपूर्वी त्यातल्याच एक संशोधक बाई, दोक्तोरा लुमेन, यांनी त्यांच्या हातात भिंग दिलं आणि माणूस कामातून गेला. चालता चालता झाडाला नाक लावून उभे राहायचे. माझी थोरली बहीण सिद्रा, म्हणजे आमची आते, चिडायची, "लग्न झाडाशीच करायचं होतंस की!"

ते बघायचे ती दगडफुलाचीच भावकी. फक्त ती पानासारखी सुटत नाही, खपलीसारखी सालीला चिकटते. हवी तर सालीसकट कापावी लागते. चॅपलच्या वाटेवरच्या सांतोलच्या झाडावर अशी एक राखाडी खपली होती, वर मुंगीने गिरवल्यासारख्या काळ्या रेघा. रेघा सारख्या दिसतात म्हणून जुन्या पंडितांनी तिला भलत्याच प्रजातीत ढकललं होतं. दोक्तोरा म्हणायच्या, रेघांवर जाऊ नका, आतले बीजाणू वेगळे आहेत, ही प्रजातीच नवी आहे. पण ते सिद्ध करायला ताजा तुकडा हवा होता. आधीचा कपाटात बुरशीने खाल्ला होता. आणि कुयांनी अख्खा डोंगर पालथा घातला, तरी ही खपली दुसरीकडे कुठेच मिळाली नव्हती.

सान इसिद्रोच्या सणाआधी वाटेवरच्या प्रत्येक झाडाला कमरेच्या वरपर्यंत चुना फासायचा, हा आमचा रिवाज. चॅपलची वाट कुयांच्या वाट्याला. ते सगळी झाडं रंगवायचे आणि सांतोल सोडायचे. का, ते कुणालाच सांगत नसत. आमच्या लोकांचा काय भरवसा, ताईत करायला खरवडून नेलं असतं! मग टोमणे यायचे, "हर्मोचा चुना बरोबर तिथंच संपतो वाटतं!" ते आतेला फार लागायचं.

यंदा सणाच्या आदल्या सकाळी कुया दोक्तोरांना आणायला बसथांब्यावर गेले; त्या तुकडा कापून न्यायला येणार होत्या. आते मला म्हणाली, "पाहुणी यायची आणि ते झाड बघ, नायटे उठल्यासारखं. बादली धर." तिने आधी नारळाच्या सोडणाने साल खसाखसा घासली, मग चुन्याचे दोन हात दिले. खाली पडलेला चुरा मी पाचोळ्याबरोबर गोळा केला आणि डासांसाठी धूर केला होता त्यात टाकला.

कुया आले ते दोक्तोरांची पेटी घेऊन. सांतोलसमोर पेटी हातातून पडली. तोंड उघडं ते उघडंच. मला वाटलं, झटकाच आला.

"कसं दिसतंय?" आते हसत म्हणाली. "आता बघते कोण तुला आळशी म्हणतं!"

दोक्तोरांनी ओल्या रुमालाने चुना पुसला. खाली नुसती उघडी साल. "घासलंत?"

"चांगलं खसाखसा."

"खरवडलेलं कुठंय?"

मी धुराकडे बोट केलं. काय झालंय ते मला तोवर कळलं नव्हतं.

"वर असेल की थोडी," दोक्तोरा म्हणाल्या.

"वर नाही," कुया कसेबसे बोलले. "वर कधीच नव्हती."

मग दोक्तोरा आतेकडे वळल्या. "सिद्रा तुम्हीच ना? प्रजातीचं नाव मी हर्मोला सुचवायला सांगितलं होतं. त्याने तुमचं दिलं."

"माझं?" आतेने ब्रश खाली ठेवला. तिचा रंगच उडाला. "मला का नाही सांगितलंस रे?"

"उद्या सांगणार होतो. सणाला. तुकडा हातात आल्यावर."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. बादली अजून माझ्याच हातात होती. कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

आतेने स्वतःच्या हातांकडे बघितलं. नखांत राखाडी काहीतरी अडकलं होतं. तिने दोन्ही हात दोक्तोरांपुढे धरले. "यात असेल का हो थोडी?"

चुन्यात बरबटलेलं ते किती कामाचं, हे दोक्तोरांना नक्कीच ठाऊक होतं. तरी त्यांनी कागद पसरला, छोटी सुरी काढली आणि दहाही नखं हळूहळू खरवडली. आतेचं एकेक बोट कुयांनी धरून ठेवलं.