खैरुद्दीनची गर्दान

खैरुद्दीन रत्नागिरीहून अबू धाबीला आला तेव्हा हलिमा पोटात होती, आणि आता ती चार वर्षांची झाली तरी बापलेकीने एकमेकांना पाहिलंच नव्हतं! पासष्ट साल, तेल शोधणाऱ्या कंपनीचा कॅम्प, चहूकडे नुसती वाळू, आणि हा तीस माणसांचा भात शिजवतोय. बाकी काही नको, पोरीला आपला आवाज तरी कळावा, एवढंच त्याच्या डोक्यात.

त्याच कॅम्पात एमिल नावाचा कॅनडाचा सर्व्हेयर होता, तिथल्या मूळ आदिवासींपैकी वेंडाट जमातीचा. कॅम्पात राहून मोडकंतोडकं हिंदी शिकलेला. त्याच्या गावात त्याच्या लोकांची भाषा बोलणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो जुन्या पाद्रींनी त्या भाषेवर लिहिलेल्या वहीची नक्कल घेऊन एकटाच घोकत बसायचा. आणि भाषा पण काय! कोण बघतो आणि कुणाला बघतो, दोन्ही मिळून एकच तुकडा, तो क्रियापदाच्या आधी चिकटणार. 'मी-तुला'चा एक, 'तू-मला'चा वेगळाच. एमिल सारखा अडकायचा.

"एमिलसाब, ऐसे नहीं होगा," खैरुद्दीन कांदा चिरता चिरता म्हणाला. "मदरशात आम्ही अरबी क्रियापदांची रूपं पाठ करायचो, त्याला गर्दान म्हणतात. डुलायचं आणि थांबायचं नाही. यल्ला, चला!"

मग रोज संध्याकाळी दोघं मांडी घालून डुलायचे. एमिल वहीत बघून, खैरुद्दीन न बघता. अर्थ विचारून घ्यायचा आणि 'तू'च्या जागी मनात हलिमाला बसवायचा. मी तुला बघतो, तू मला बघतेस. मी तुला हाक मारतो, तू मला हाक मारतेस.

"बावर्ची पागल, साहेब त्याहून पागल!" कॅम्प हसायचा.

खैरुद्दीनच्या शेजारच्या गावचा, कॅम्पातला ड्रायव्हर बदरुद्दीन रजेवर निघाला, दुबईत घेतलेला टेपरेकॉर्डर घेऊन. एमिलकडेही तसलंच मशीन होतं. "बेटी के लिए बोलो," एमिल म्हणाला.

खैरुद्दीन माईकपुढे बसला. "हलिमा..." आणि पुढे शब्दच येईनात. जिला कधी पाहिलं नाही तिच्याशी बोलायचं काय? रीळ फिरतंय, बाहेर बदरुद्दीन ओरडतोय, "खलास कर रे, बोट चुकेल!" आणि घाबरून याच्या तोंडून गर्दानच सुटली. वेंडाटमध्ये. अख्खी! रीळ घेऊन बदरुद्दीनची गाडी गेली आणि त्याने कपाळावर हात मारला.

दोन महिन्यांनी बायकोचं, हव्वाबीचं पत्र आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'बदरुद्दीनची टेप ऐकून ऐकून पोर दिवसभर त्याच तालावर डुलत तेच म्हणते. ही कुठली भाषा? मी ओरडले तर म्हणते, माझा अब्बा असाच बोलतो.'

एमिलने ते तीनदा वाचून घेतलं. "सब बोलती है? तू-मला भी?"

"सब, साब."

एमिल रडायलाच लागला. त्याच्या गावात एकही पोर हे बोलत नव्हतं. "आवाज कैसी है उसकी?"

ते खैरुद्दीनला तरी कुठे माहीत होतं?

तो उठला आणि थेट क्लार्ककडे गेला. "मुनीर, माझी रजा लिही."

"वेडा झालास? करार मोडलास तर परत घेणार नाहीत."

"नको घेऊ देत."

"कारण काय लिहू?"

"लिही, पोरीचा आवाज ऐकायचाय."