रिकाम्या भांड्यातलं शिसं

आमचे भूपेशसर उत्तर ध्रुवावर जाऊन आले. एकदाच, सतरा दिवसांसाठी. पण त्या सतरा दिवसांचं जे चऱ्हाट त्यांनी लावलं, ते तीन वर्षं झाली तरी संपून नाही राहिलं. प्रताप नगरच्या घरी हॉलमध्ये त्यांचा हा एवढा मोठा फोटो आहे. पाहुण्याले आधी फोटो दाखवतात, मंग पाणी विचारतात. लाल जॅकेट, डोळ्याले गॉगल, मागं बर्फ अन् पायाशी एक पेटी. पेटीत काय होतं ते कोणी विचारत नाही. चिखल होता.

त्या चिखलाचं सारं काम जिनं केलं तिचं नाव चंद्रकला. तिचा फोटो कुठंच नाही, म्हणून मी सांगून राहिलो. मी गणपतराव, त्याच लॅबचा स्टोअरकीपर. एकतीस वर्षं बाटल्या, हातमोजे अन् फिल्टर पेपर वाटले. लॅबचं नाव नाही सांगत. सांगावं असं काही त्या जागेत राहिलं नाही.

चंद्रकला उमरेडची, विणकराच्या घरची. बापाचा माग बंद पडला तरी त्यानं पोरीले बी.एस्सी. केलं. लग्न होऊन ती इथं नागपूरले, टिमकीत आली, नवरा कन्हानले खाणीच्या ऑफिसात कारकून. आमच्याकडे ती ठेक्यावर लागली, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. ती ऑर्डर संपली की दुसरी, अशा चौदा ऑर्डरी झाल्या. दर ऑर्डरीवर भूपेशसरांची सही लागे, अन् दर वेळी सर पेन उघडायच्या आधी तिले पाच मिनिटं उभं ठेवत. काही काम नसे. नुसतं ठेवायचं म्हणून ठेवत.

आता काम काय, ते ऐका. ध्रुवाजवळच्या खाडीच्या तळाशी पोकळ नळी ठोकतात अन् गाळाची कांडी वर काढतात. गाजराच्या करतो तशा तिच्या चकत्या करतात. सगळ्यात वरची चकती म्हणजे कालपरवाचा गाळ, खालची शंभर वर्षांपूर्वीची. चकती वाळवायची, खलात कुटायची, तिची चिमूटभर भुकटी भांड्यात ॲसिडमध्ये विरघळवायची, अन् ते पाणी मशीनीले द्यायचं. मशीन सांगते शिसं किती, पारा किती, कॅडमियम किती. मात्रा इतकी बारीक असते की तुमच्या शर्टावरच्या धुळीत त्याहून जास्त निघन. म्हणून दर खेपेले तीन भांडी रिकामी ठेवायची, ब्लँक म्हणतात त्यांले. ॲसिड तेच, आच तीच, फक्त चिखल नाही. त्या रिकाम्या भांड्यात काही निघालं तं समजायचं, ते ध्रुवाचं नाही, आपल्या नागपूरचं आहे.

चंद्रकलेचा सारा जीव त्या रिकाम्या भांड्यांत. सकाळी आली की बांगड्या काढे, टिकली बाहेरच्या आरशाले चिकटवे, भांग ओल्या कपड्यानं पुसे अन् टोपी घालूनच आत जाये. सासू म्हणे, "नवरा धडधाकट असताना रोज आठ तास पांढरं कपाळ घेऊन बसते, लाज नाही वाटत?" ही ऐकून घेई अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसे. मी एकदा खर्रा तोंडात ठेवून तिच्या दारात उभा राहिलो तं हातातलं काम सोडून उठली. "गणपतराव, बाहेर व्हा. तुमची सुपारी आत उडाली तं माझे पंधरा दिवस गेले." मले राग आला होता. ठेक्यावरची बाई मले, पर्मनंट माणसाले, बाहेर काढते!

अन् भूपेशसर? सर आत यायचे ते कोणी मोठा माणूस सोबत असला की. बूट तसेच, टोपी नाही, अन् हात खिशात. "हे आमचं अल्ट्राक्लीन युनिट," म्हणायचे. ते गेले की चंद्रकला गुपचूप फरशी पुसून काढे. डोंबलाचे शास्त्रज्ञ!

मंग दसरा आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीले, आमच्या लॅबमध्ये यंत्रांची पूजा असते. कारखान्यात करतात तशीच. दर वर्षी मी टेबलावर हळद-कुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो, पेढा वाटतो अन् सुट्टी. त्या वर्षी पेपरचा फोटोवाला येणार होता. सरांनी मले बोलावलं.

"गणपतराव, कुंकू फोटोत काळं दिसतं. शेंदूर आणा, ठसठशीत."

मी इतवारीच्या बाजारातून पुडी आणली. खरा शेंदूर, भारीतला, नारिंगी. चंद्रकला त्या दिवशी सुट्टीवर होती, घरी पूजा होती तिच्या. सरांनी तिचं दालन उघडायले लावलं. आत एक काचेचं कपाट आहे, त्यात वरून गाळलेली हवा सुटते अन् त्याच हवेखाली भांडी भरतात. सरांले त्या कपाटावर स्वस्तिक पाहिजे होतं. बाहेरच्या काचेवर फोटोत उमटत नव्हतं, तं म्हणे आतल्या स्टीलवर काढू. मी म्हटलं, "सर, शेंदूर स्टीलले धरत नाही, थोडं तेल लागन."

"तेल नको," सर म्हणे, "कंटॅमिनेशन होईल."

घ्या! तेलानं कंटॅमिनेशन होईल, अन् मूठभर कोरड्या शेंदरानं होणार नाही. असा माणूस ध्रुवावर पाठवला आपल्या देशानं. सरांनी अंगठ्यानं स्वस्तिक काढलं, हात जोडले, फोटो निघाला. मीही माझ्या मोबाइलात एक काढला. संध्याकाळी मी कपाट वरवर पुसलं अन् घरी गेलो. एकतीस वर्षं रसायनाच्या बाटल्या मांडणाऱ्या माणसाले शेंदूर म्हणजे शिसं हे माहीत नव्हतं, असं म्हणीन तं माझी जीभ झडन. माहीत होतं. पण साहेबाले कोण बोलते?

दसऱ्यानंतर चंद्रकलेनं कामाले सुरुवात केली, अन् सुरुवात नेहमीप्रमाणे वरच्या चकत्यांपासून. पहिल्या सोळा चकत्यांत शिसंच शिसं. पुढच्या खेपेत कमी, त्यापुढच्या खेपेत जवळपास नाही. आलेख काढला तं शंभर वर्षं सपाट अन् शेवटी एकदम उभा. सर तं खुर्चीतून उठून नाचायचेच बाकी होते. ध्रुवावरही शिसं पोचलं! परिषदेले सारांश पाठवायचा होता, त्याच दुपारी पाठवला. पेपरवाल्याले फोन करून सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी चंद्रकला त्यांच्या केबिनमध्ये गेली. मी तिथं हातमोज्यांच्या मागणीवर सही घ्यायले उभा होतो, म्हणून सगळं मले ऐकू आलं.

"सर, पहिल्या खेपेत रिकाम्या भांड्यांतही तेवढंच शिसं आहे. हे ध्रुवाचं नाही."

"ब्लँक एखादवेळेस बिघडते. काढून टाक."

"तीनही बिघडले सर. मी कपाटाच्या आतून ओला फिल्टर पेपर फिरवून मशीनीत टाकला. शेंदूर आहे. दर चकतीचा अर्धा भाग फ्रीजरमध्ये ठेवला आहे. तीन आठवडे द्या, मी सारं परत करते."

सरांचा चेहरा क्षणभर उतरला. त्यांले आठवलं, मी पाहून राहिलो होतो ना. अंगठा आपोआप मुठीत गेला त्यांचा. पण तो माणूस कसला खमक्या! लगेच हसला.

"शेंदूर? मग तुझ्याच भांगातला असेल. लॅबमध्ये बायका घ्यायच्या म्हणजे हेच."

चौदा वर्षं भांग पुसून आत जाणाऱ्या बाईले हा हे बोलला. अंगाची लाही लाही झाली माझ्या. झाली, अन् मी तसाच उभा राहिलो, मागणीचा कागद हातात धरून.

चंद्रकला चिडली नाही. ती माझ्याकडे वळली. "गणपतराव, तुम्ही होते ना पूजेले. पुडीत काय होतं?"

खोलीत आम्ही तिघंच. सर माझ्याकडे पाहून राहिले. फेब्रुवारीत माझी रिटायरमेंट होती. एवढ्या वर्षांत माझ्या नावावर एक मेमो नाही, अन् शेवटच्या चार महिन्यांत चौकशी कोणाले पाहिजे? मोबाइल माझ्या खिशातच होता.

"कुंकू," मी म्हटलं. "दर वर्षीसारखं."

ती परत सरांकडे वळली.

सरांले आता जोर आला. कागद तिच्याकडे सरकवून म्हणे, "दोनच रस्ते आहेत. एक तर आकड्यांखाली सही कर. नाही तर लिहून दे की घाण तुझ्या हातून झाली. पण ते लिहिलंस तर जानेवारीनंतर पुढची ऑर्डर विसर." अन् पेन उघडून तिच्या पुढ्यात ठेवलं, इतक्या खात्रीनं, की ही सही करणारच. पोटासाठी काम करणारा माणूस दुसरं काय करन, हाच त्यांचा हिशेब. माझाही तोच होता, खोटं काहून बोलू.

चंद्रकलेनं पेन घेतलं अन् उभ्याउभ्याच लिहिलं. "पहिल्या खेपेची रिकामी भांडी दूषित. आकडे ग्राह्य नाहीत. जबाबदारी माझी." खाली तारीख अन् सही. हे एकदा कागदावर आलं की ते आकडे बाद होतात अन् नमुने परत करा लागतात, तसा नियमच आहे. सरांनीच कधीतरी केलेला, भिंतीवर टांगलेला. ते सर त्या कागदाकडे असे पाहून राहिले, जसं कोणी भरल्या ताटातून उठवलं.

"सर, उद्यापासून सुरू करते," ती म्हणे, अन् निघून गेली.

नोव्हेंबरचे तीन आठवडे तिनं राबराब राबून काढले. कपाट खोलून एकेक स्क्रू ॲसिडनं धुतला. सोळाच्या सोळा चकत्या पुन्हा केल्या. शिसं नव्हतं. ध्रुवाचा तो चिखल बिचारा स्वच्छ होता, वरपासून खालपर्यंत. पेपरवाल्याले सरांनी सांगितलं की अभ्यास अजून सुरू आहे, अन् परिषदेले दुसराच सारांश गेला: ध्रुवीय गाळातील जड धातू मोजण्याची निर्दोष पद्धत. निर्दोष! जानेवारीत रिपोर्ट छापून आला, गुळगुळीत कागदावर. शेवटच्या पानावर आभार होते. त्यात फोटोवाल्याचं नाव होतं, एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं होतं, अन् "पूजा व स्वच्छता व्यवस्थेतील मोलाच्या सहकार्याबद्दल" माझं होतं. चंद्रकलेचं नव्हतं.

एकतीस जानेवारीले तिची ऑर्डर संपली. दुपारी स्टोअरात आली, दोन ॲप्रन घडी करून, कपाटाची किल्ली वर ठेवून. मी खुर्ची पुढं केली, ती बसली नाही. माझ्यानं राहवलं नाही. मोबाइल काढला अन् म्हटलं, "चंद्रकला, माझ्याकडे फोटो आहे. सरांचा अंगठा, स्वस्तिक, पुडी, सारं दिसते त्यात. तुले पाठवतो. मोठ्या साहेबांले दाखव."

तिनं फोटो पाह्यला, नीट, मोठा करून. मंग मोबाइल मले परत दिला.

"ठेवा. तुमच्या सेंड-ऑफच्या दिवशी पडद्यावर लावतील."

"असं नको बोलू वं. माझं चुकलं. पण तुले तं तेव्हाच कळलं होतं ना, पुडी मीच आणली म्हणून? मंग सरांसमोर माझं नाव काहून नाही घेतलं?"

ती दारापर्यंत गेली होती. तिथंच थांबली. आवाज चढला नाही तिचा, अन् तेच मले आजवर सहन होत नाही.

"नाव घ्यायचं असतं तं घेतलंच असतं, गणपतराव. मी तुम्हाले विचारलं होतं. मले वाटलं, तुम्ही सांगान."