विमाकाकूंची दुपारची तालीम

विमाकाकूंना अशुभ बोलायची अजिबात भीती नव्हती. गणपतीच्या आरतीला आल्या की प्रसादासाठी हात पुढे करत त्या सरळ विचारायच्या, "अहो, तुम्ही गेल्यावर घरच्यांचं काय ठरवलंय?" त्यांची मोपेड दिसली की सदाशिव पेठेतली निम्मी मंडळी कडी लावून घ्यायची. "आत आहात ते कळतंय. पंखा चालू आहे," काकू बाहेरून सांगायच्या. आम्ही तर त्यांचे सख्खे शेजारी, आम्हाला सुटकाच नव्हती.

बारावीनंतर मला बंगळूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. तेव्हा जो तो कॉम्प्युटरचंच बोलायचा, पण मुलीला एवढ्या लांब पाठवायचं म्हटलं की सगळ्यांची दातखीळ बसायची. बाबांचं एकच पालुपद, "काही झालं तर?" एका संध्याकाळी काकूंनी ते ऐकलं आणि चपला काढून तडक आत आल्या.

"झालं तर काय करायचं ते आत्ता बसून ठरवू या, भाऊ. पोरीला कशाला अडवून ठेवताय?"

झालं! माझी तालीम सुरू. अपघाताचा विमा उतरवला, तो तर त्यांचा धंदाच. पण काकूंचं तेवढ्यावर कुठलं भागायला? ताप आला तर कुठं जायचं, पाकीट मारलं गेलं तर कुणाला फोन करायचा, सगळं माझ्याकडून घोकून घेतलं. मग विचारलं, "ओरडता येतं का गं तुला?" मला जन्मभर 'हळू बोल' एवढंच शिकवलेलं. काकूंनी गच्चीवर नेलं. वेळ कुठली, तर दुपारी दोनची, आणि तीही पेठेत! मी डोळे मिटून बोंबलले, "वाचवा! वाचवा!"

समोरचे आजोबा बनियनवर गॅलरीत आले. "आग लागलीये का? नसेल तर चारनंतर ओरडा. लोक झोपलेत."

"चोरालाही चारनंतरचीच वेळ देते हं," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "बघितलंस? नुसतं वाचवा म्हटलं की कोणी हलत नाही. एकाकडे बोट दाखवायचं आणि त्यालाच बोलवायचं."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी बोट रोखून ओरडले, "अहो बनियनवाले आजोबा, तुम्ही या!" आजोबा आले. काठी घेऊन, तणतणत, पण जिना चढून थेट गच्चीवर आले. काकूंनी त्यांना सरबत दिलं. मला अजून आठवलं की हसू आवरत नाही.

मी जायच्या आधी त्या बाबांकडे वळल्या. "भाऊ, आता तुमचा विमा."

"माझा कशाला? जातेय ती."

"फी तुम्हीच भरणार ना? हिचं शिक्षण अर्ध्यावर असताना तुम्हीच गेलात तर?"

"अहो काकू, काहीतरीच काय!" आईनं देवाला हात जोडले. बाबांनी मात्र गुमान सही केली. ब्याद टळावी म्हणून केली असेल, पण केली.

मी तिसऱ्या वर्षाला असताना बाबा ऑफिसातच कोसळले. मी पोचले तोवर सगळं संपलं होतं. तेरावा झाल्यावर मोठ्या काकांनी जाहीर केलं, "आता शिक्षण पुरे. आईजवळ राहा. इथंच कुठं नोकरीला चिकटवून देऊ." विम्यामुळे फीचा प्रश्न नव्हता. प्रश्न आईचा होता. ती जमिनीकडे बघत बसलेली. माझंही मन राहण्याकडेच झुकलं होतं.

तेवढ्यात विमाकाकू गादीची वळकटी घेऊन दारात. "आजपासून मी इथं झोपणार. हिची परीक्षा तोंडावर आलीये. ती जाईल."

"हा आमच्या घरातला प्रश्न आहे," काका म्हणाले.

"बरं. मग रोज तुम्ही झोपायला येणार का इथं?"

आईनं उठून काकूंची वळकटी आत नेली.

स्वारगेटला काकूच सोडायला आल्या. गाडी सुटायची वेळ झाली तरी मी खालीच उभी. "काकू, मला नाही जमणार हो," म्हणत मी त्यांच्या गळ्यात पडून रडले.

काकूंनी माझे हात सोडवले. त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मला तरी कुठं जमतंय? भावासारखा माणूस गेला माझा. चढ."

मी चढले.