साहेबांची गोळी आणि ठकूआजीचा मोती

मी पोलिसात आहे म्हटलं की पाहुणे हमखास विचारतात, "एन्काउंटर पाहिलंय का हो कधी?" मी सांगते, पुष्कळ पाहिलीत, फक्त समोरच्याला चार पाय होते. मग चहा गार होईपर्यंत किस्से चालतात. कांद्याची चाळ कितीही झाडा, कोपऱ्यात सालं सापडतातच. आमच्या ठाण्यात कुत्र्यांच्या गोष्टींचं तसंच आहे.

आमचं ठाणं नाशिकला लागून. अर्धी हद्द बंगल्यांची, अर्धी द्राक्षबागांची. बागांमधून सुट्ट्या सुट्ट्या वस्त्या आणि प्रत्येक वस्तीवर एक कुत्रं. आजवर मला एकही गुन्हेगार चावलेला नाही. कुत्र्यांबद्दल तसं म्हणता येत नाही.

*

म्हणून आमच्याकडे एक रिवाज आहे. जीप बांधावर थांबवायची आणि तिथूनच हाळी द्यायची, "कुत्रं धरा हो!" आतून "धरलंय, या" असं आलं की मगच पुढे पाऊल टाकायचं. हाळी देण्याचं काम आमच्या ड्रायव्हरचं, गांगुर्डेंचं. त्यांचा आवाज असा की शेजारच्या वस्तीवरचंही कुत्रं धरलं जातं.

एकदा वॉरंट घेऊन एकाला धरायला गेलो. गांगुर्डेंनी सवयीनं हाळी दिली. "धरलंय, या" असं उत्तरही आलं. जाऊन बघतो तर बाई कुत्र्याचा पट्टा धरून उभी आणि नवरा मागच्या दारानं बागेत पसार.

गांगुर्डे भडकले. "ओ ताई, नवरा कुठंय?"

"तुम्ही कुत्रं धरा म्हणले, मी धरलं," बाई शांतपणे म्हणाली. "नवऱ्याचं कुठं बोलले तुम्ही?"

*

बंगल्यातल्या कुत्र्यांची तऱ्हा वेगळी. तिथं मालकीणबाई "तो काही करत नाही हं" म्हणतात आणि आपला अर्धा जीव तिथंच जातो.

पासपोर्टच्या चौकशीसाठी मी अशाच एका बंगल्यावर गेले होते. सोफ्यावर टेकते न टेकते तोच वासराएवढा लॅब्राडोर आला, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि घोरायला लागला. मी उठायला गेले तर बाई कुजबुजल्या, "प्लीज, उठवू नका ना. सकाळपासून डोळ्याला डोळा लागला नाही त्याचा."

बसले. करता काय? दोनदा चहा झाला, त्यांच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम झाला. बाहेर जीपमध्ये गांगुर्डे हॉर्न वाजवून थकले आणि शेवटी दारात आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुम्हालाच अटक झाली का?"

*

मग आमच्याकडे नवीन फौजदार साहेब आले. तरुण, कडक इस्त्री, कमरेला पिस्तूल. हाळीचा रिवाज ऐकून हसले. "पोलीस काय परवानगी मागून जातात?"

त्याच आठवड्यात ठकूआजीच्या वस्तीवर विहिरीवरची मोटर चोरीला गेली. ठकूआजीचा मुलगा कंपनीत, शहरात राहतो. वस्तीवर आजी आणि मोती एवढीच माणसं. हो, मोतीलाही आजी माणसातच धरते.

साहेब जीपमधून उतरले आणि हाळी न देता थेट ओट्याकडे निघाले. मोती आला. साहेबांची पॅन्ट गुडघ्यापासून खाली मोतीकडे राहिली. साहेबांनी पिस्तूल काढलं, तोवर मोती अंगणातल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली गेला होता.

साहेब लाल झाले. "आम्हाला चावतो, मग चोर आला तेव्हा काय करत होता हा?"

आजी म्हणाली, "चोरानं येताना भाकर आणली आसंल, साहेब. तुम्ही काय आणलं?"

आम्ही सगळे बागेकडे तोंड करून उभे राहिलो. साहेब मात्र हसले नाहीत. जाताना बजावून गेले, "पुन्हा अंगावर आला तर गोळी घालीन. म्हातारे, नीट ऐकून ठेव."

*

ठाण्यात कागदपत्रं लिहिणाऱ्या आमच्या रायटरनं त्यांना वळवून पाहिलं. "साहेब, गोळी उडाली की रिपोर्ट करावा लागतो. आरोपीचं नाव मोती लिहितो. वडिलांचं नाव काय लिहू?"

"अज्ञात लिहा," साहेब म्हणाले.

"आणि धंदा?"

"सरकारी कामात अडथळा!"

सगळं ठाणं हसलं, पण साहेबांच्या मनातलं काही हललं नाही. दुसऱ्या दिवशी ठकूआजी मला बाजारात भेटली. म्हणाली, "पोरी, त्याला साखळीला बांधलं तर तो रडतो गं. मोकळा सोडला तर साहेब मारतील. मी काय करू? म्हातारा गेल्यापासून त्योच माझ्याशी बोलतो." मी तिला म्हटलं, काही होणार नाही. मला तरी कुठे खात्री होती?

*

पुढे मोटर सापडली. ज्याच्याकडे सापडली तो गडी शपथेवर शपथ घ्यायचा, "साहेब, मोटर मी एकाकडून घेतली. त्या वस्तीचं तोंडबी पाहिलं नाय मी." साहेब म्हणाले, चला, जागेवर नेऊन विचारू.

बांधावर गांगुर्डेंनी बेंबीच्या देठापासून हाळी दिली. आतून उत्तर नाही. पुन्हा दिली. आजी पलीकडच्या वाफ्यात होती. साहेब थांबले नाहीत, त्या गड्याला घेऊन निघाले. आणि ट्रॉलीखालून मोती सुटला.

साहेबांचा हात पिस्तुलावर गेला. मी "साहेब, नको!" असं ओरडले. आजी वाफ्यातून धावत येत होती, तिची एक चप्पल मागेच राहिली.

मोती साहेबांना ओलांडून पुढे गेला. त्या गड्याच्या अंगावर पुढचे दोन्ही पाय टाकले, त्याचे हात चाटले, आणि मग त्याच्या पायाशी पोट वर करून आडवा झाला. शेपटी जी हलायला लागली, ती थांबेचना.

तो गडी आभाळाकडे बघत होता.

"तोंड पाहिलं नाही म्हणतोस?" साहेबांनी विचारलं.

"कुत्र्यांना मी आसाच आवडतो, साहेब," तो म्हणाला. आणि मग मान खाली घालून, "ज्वारीची भाकर होती. दोन दिस टाकली."

साहेबांनी पिस्तुलावरचा हात काढला. आजीला धाप लागली होती, तरी ती आत गेली आणि दुपारची भाकर घेऊन आली. ती तिनं साहेबांच्या हातावर ठेवली. साहेब इस्त्रीच्या पॅन्टसकट उकिडवे बसले, तुकडा मोडला आणि पुढे धरला. मोतीनं एकदा गड्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि खाल्ला.

आजीनं समाधानानं पदर सावरला.

"आता तुम्हीबी कधीबी या, साहेब. भुकायचा नाय."